बक्षीस मिळाले, पण ग्राहक कोठे आहे?

संरक्षण आणि सुरक्षा या क्षेत्रांत उतरू पाहणाऱ्या तरुण उद्योजकांसाठी स्पर्धा जाहीर करण्याची प्रथा आपल्या देशात गेल्या काही वर्षांत चांगलीच रुजली आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'आयडेक्स' ही योजना सुरू केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी बंगळुरू येथे तिच्यातील पहिली स्पर्धा जाहीर केली. सैन्यदलांपुढील अकरा प्रश्न त्या वेळी मांडण्यात आले होते. चिलखती वाहनात बसलेल्या सैनिकाला बाहेरचे दृश्य कसे दिसावे, खारे पाणी गोडे करण्याचे अधिक चांगले तंत्र कोणते, गोपनीय मजकुराचे सांकेतिक रूपांतर करणारे स्वतंत्र उपकरण देशातच कसे बनवावे, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. ज्याला उत्तर सुचेल त्याने पुढे यावे, त्याच्या नमुन्याच्या खर्चाचा निम्मा भार, दीड कोटी रुपयांच्या मर्यादेपर्यंत, सरकार उचलील, असे हे आवाहन होते. पुढे मोठ्या प्रकल्पांसाठी ही मर्यादा दहा कोटींवर नेण्यात आली आणि मार्च २०२४ मध्ये 'अदिती' या नावाने पंचवीस कोटींपर्यंतच्या साहाय्याची योजना आली. दरम्यान, २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांसाठी सुमारे पाचशे कोटी रुपयांची तरतूद झाली होती.

या उपक्रमाचे स्वागत व्हावे हे योग्यच होते. आपल्याकडील संरक्षण खरेदीची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यातील नावीन्य विशेष जाणवेल. खरेदीदार आधी आपल्या गरजेचे काटेकोर वर्णन करतो, मग निविदा मागवतो, मग पूर्वानुभव आणि वार्षिक उलाढाल पाहतो आणि अखेरीस बहुधा सर्वांत कमी किमतीच्या देकाराला पसंती देतो. या रीतीत जुन्या व मोठ्या कारखान्याला स्थान आहे. तीन अभियंते आणि एक भाड्याची खोली एवढेच भांडवल असलेल्या नवोद्योगाला नाही. स्पर्धेने हा क्रम उलटा केला. वस्तूचे वर्णन न करता प्रश्नाचे वर्णन करावे आणि उत्तर कोणाच्या डोक्यातून येईल हे आधीच ठरवू नये, ही कल्पना अर्थशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. ज्ञान समाजात विखुरलेले असते आणि ते कोणाजवळ आहे हे खरेदीदाराला माहीत नसते; अशा वेळी दवंडी पिटणे हाच शोधाचा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

परंतु दवंडी पिटणारा आणि वस्तू विकत घेणारा हे एकच असूनही ते एकमेकांना ओळखत नाहीत, अशी स्थिती निर्माण झाली तर काय होते, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. सरकारनेच २०२५ च्या आरंभी दिलेल्या आकड्यांप्रमाणे आयडेक्सखाली झालेल्या करारांची संख्या ४३० च्या घरात होती. ज्यांची खरेदी मार्गी लागली अशा वस्तू होत्या ४३ आणि त्यांचे मूल्य २,४०० कोटी रुपयांहून अधिक. दहास एक हे प्रमाण पाहून योजना फसली, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. नमुना तयार व्हायला वेळ लागतो, चाचण्यांना वेळ लागतो, अलीकडे झालेले करार अजून पिकलेलेच नाहीत. शिवाय काही नमुने अयशस्वी ठरणार हे गृहीतच धरले पाहिजे. तरीही करार आणि खरेदी यांच्यामधील हे अंतर कोणाच्या पैशाने ओलांडले जात आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो. ते बव्हंशी त्या तरुण उद्योजकाच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या गुंतवणूकदाराच्या पैशाने ओलांडले जाते. सरकार निम्मा वाटा देते याचाच अर्थ उरलेला निम्मा त्याने आणावयाचा असतो. आणि सरकारचा वाटाही टप्प्याटप्प्याने, काम दाखवल्यावर हाती येतो. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात.

येथे सुरक्षा क्षेत्राचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. साबणाचा किंवा सायकलीचा नवा प्रकार काढणाऱ्याने एखादी स्पर्धा हरली तरी त्याला बाजार मोकळा असतो. एका दुकानदाराने माल नाकारला तर तो दुसऱ्याकडे जातो. चिलखती वाहनासाठी दृष्टिसाधन बनवणाऱ्याला असा दुसरा दरवाजा नसतो. देशात त्याचे ग्राहक म्हणजे तीन सैन्यदले आणि फार तर निमलष्करी दले. परदेशी विकावे तर पुन्हा सरकारची परवानगी हवी. विक्रेत्यांची मक्तेदारी आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. ही ग्राहकाची मक्तेदारी होय. एकमेव ग्राहक जेव्हा स्पर्धा भरवतो तेव्हा तो केवळ परीक्षक राहत नाही. नमुन्याची किंमत, मुदत, वस्तूचे गुणधर्म आणि अखेरीस ती घ्यावयाची की नाही, हे सर्व तोच ठरवतो. स्पर्धकाचे सारे श्रम आणि पैसे नमुन्यात अडकून पडल्यावर त्याच्या हाती सौदा करण्याजोगे काहीच उरत नाही.

या परिस्थितीचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील आहे. समुद्रावर जहाजाचे रेखांश ठरवण्याची रीत शोधून काढणाऱ्यास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस देण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली केला. नाविक सुरक्षेसाठी जाहीर झालेली ती राष्ट्रीय स्पर्धाच होती. जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या मुलाने आयुष्य खर्चून अचूक सागरी घड्याळ बनवले आणि १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरीत ते कसोटीला उतरले. परंतु परीक्षक मंडळाचे समाधान होईना. १७६५ मध्ये नवा कायदा करून अटी बदलण्यात आल्या. घड्याळाची रचना उघड करा, मग निम्मी रक्कम मिळेल, उरलेल्या रकमेसाठी दुसरी घड्याळे बनवून दाखवा, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी राजज्योतिषी या नात्याने मंडळावर आलेले नेव्हिल मॅस्केलिन हे चंद्राच्या गतीवरून रेखांश काढण्याच्या प्रतिस्पर्धी पद्धतीचे पुरस्कर्ते होते. हॅरिसनला उरलेल्या रकमेपैकी मोठा हिस्सा पार्लमेंटने १७७३ मध्ये दिला, तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. तीन वर्षांनी तो वारला. मॅस्केलिन यांनी जाणूनबुजून अन्याय केला की काय, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, स्पर्धेचे नियम मध्येच बदलण्याचा अधिकार एकाच पक्षाच्या हाती होता आणि परीक्षकांत एक प्रतिस्पर्धी बसला होता.

आपल्याकडे ही दुसरी गोष्ट नाही, असे छातीठोकपणे म्हणता येईल काय? आयडेक्सचा कारभार पाहणारी जी संस्था आहे तिचे मूळ भांडवल हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोन सरकारी कंपन्यांनी दिलेले आहे. या दोन्ही कंपन्या स्वतः संरक्षणसामग्रीच्या मोठ्या उत्पादक आहेत. कोणी पक्षपात केला असे सुचवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. मोठ्या कारखान्याचा आधार नवोद्योगाला उपकारकही ठरू शकतो. परंतु निवड समितीत कोण बसले होते आणि कोणाचा कोणत्या उत्पादनात हितसंबंध होता, हे प्रत्येक स्पर्धेच्या निकालाबरोबर जाहीर व्हावे, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

स्पर्धेचा दुसरा खर्च बक्षीस न मिळालेल्यांचा असतो आणि तो कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. समजा, एका प्रश्नासाठी चाळीस चमू पुढे आले आणि प्रत्येकाने अर्ज, सादरीकरण, प्रवास आणि प्राथमिक नमुना यांवर चार लाख रुपये खर्च केले. एकूण खर्च एक कोटी साठ लाख झाला, म्हणजे दीड कोटींच्या साहाय्यापेक्षा अधिक. गॉर्डन टुलक या अर्थशास्त्रज्ञाने अशा स्पर्धांचे जे गणित मांडले त्याचा सारांश असा की, स्पर्धक वाढत जातात तसतसा सर्वांचा मिळून होणारा खर्च बक्षिसाच्या रकमेला जाऊन भिडतो. सामाजिक दृष्टीने हा खर्च वाया गेलाच असे नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील 'डार्पा' या संस्थेने मार्च २००४ मध्ये चालकाविना धावणाऱ्या वाहनांची शर्यत मोहावीच्या वाळवंटात घेतली, तेव्हा दहा लाख डॉलरचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. सुमारे दीडशे मैलांच्या मार्गापैकी सर्वांत पुढे गेलेले वाहन साडेसात मैलही कापू शकले नाही. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाच वाहनांनी १३२ मैलांचा मार्ग पुरा केला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूला वीस लाख डॉलर मिळाले. हरलेल्यांच्या श्रमांतून एक नवे शास्त्रच उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल. पण हेही विसरता कामा नये की, त्या स्पर्धकांतील अनेकांच्या पाठीशी संपन्न विद्यापीठे होती. सांगलीच्या किंवा संभाजीनगरच्या पदवीधराच्या पाठीशी वडिलांची भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम असते. ती एकदाच काढता येते.

आता सुरक्षेच्या दुसऱ्या शाखेकडे वळू. संगणकीय सुरक्षा, ज्याला सायबर सुरक्षा म्हणतात, तिची स्थिती निराळी आहे, कारण तेथे ग्राहक एक नसून हजारो आहेत. बँका, रुग्णालये, वीजमंडळे, कारखाने, सर्वांनाच तिची गरज. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेच्या साहाय्याने २०२० मध्ये जी सायबर सुरक्षा स्पर्धा सुरू केली तिच्या बक्षिसांची एकूण रक्कम तीन कोटी वीस लाख रुपये होती आणि विजेत्यास एक कोटी मिळावयाचे होते. अशा क्षेत्रात स्पर्धेचे काम बक्षीस देणे हे नसतेच. ओळखपत्र देणे हे असते. सॅन फ्रान्सिस्को येथे आरएसए परिषदेत दरवर्षी जी 'इनोव्हेशन सँडबॉक्स' स्पर्धा होते तिच्यात अंतिम फेरीच्या दहा कंपन्यांना प्रत्येकी तीन मिनिटे बोलावयास मिळतात. २०२१ मध्ये ती स्पर्धा 'एपिरो' या कंपनीने जिंकली. त्या दहांतच 'विझ' नावाची एक कंपनी होती, तिला पहिले स्थान मिळाले नाही. आणि २०२५ च्या मार्चमध्ये तीच कंपनी ३२ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार गुगलने जाहीर केला. परीक्षकांचा निर्णय चुकला असे यावरून म्हणता येणार नाही. एवढेच म्हणता येते की, जेथे ग्राहक पुष्कळ आहेत तेथे परीक्षकांचा निकाल अंतिम नसतो आणि हरलेल्यालाही पुढे जाता येते. चिलखती वाहनाच्या दृष्टिसाधनाबाबत अशी सोय नाही, हाच या दोन शाखांतील भेद.

तथापि सायबर क्षेत्रातही ग्राहक आपोआप उगवत नाहीत. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये जो हल्ला झाला त्यात दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये बँकेबाहेर गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी किमान सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली आणि २०१९ च्या अखेरीस बँकांच्या व्यवहारांच्या व्याप्तीनुसार तिच्या पायऱ्या ठरवल्या. एका परिपत्रकाने जी मागणी निर्माण झाली ती कोणत्याही पारितोषिक समारंभाने झाली नसती. आमच्या महाविद्यालयांतून हल्ली 'हॅकेथॉन' नावाच्या अहोरात्र चालणाऱ्या स्पर्धांचे पीक आले आहे. धनादेशाची भली मोठी प्रतिकृती हातात धरून छायाचित्रे निघतात. त्यातल्या किती मुलांना शेजारच्या पतसंस्थेने कामासाठी बोलावले, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

तेव्हा स्पर्धा ही पुरवठा शोधून काढते, मागणी निर्माण करीत नाही, हे एकदा मान्य केले म्हणजे उपायाची दिशा कळते. सैन्यदलांनी प्रश्न मांडतानाच, ठरावीक मुदतीत ठरावीक चाचण्या उत्तीर्ण करणाऱ्या वस्तूचे किमान इतके नग आम्ही घेऊ, असे वचन द्यावे. यावर लष्करी अधिकाऱ्यांचा आक्षेप सहज कल्पिता येतो आणि तो वजनदार आहे. सैनिकाच्या प्राणाशी ज्या वस्तूचा संबंध आहे ती उद्योजकाच्या सोयीसाठी घेतली जाऊ नये. नमुना चांगला असणे आणि लडाखच्या थंडीत किंवा राजस्थानच्या धुळीत शेकडो नग चांगले चालणे यांत फार अंतर आहे. शिवाय स्पर्धेपासून खरेदीपर्यंत तीन वर्षे गेली तर तंत्रच जुने होते. हे सारे खरे. पण वचन सशर्त असले म्हणजे या आक्षेपाची धार बोथट होते. वस्तू कसोटीला उतरली नाही तर खरेदीचे बंधन नाही. उतरली तर टाळाटाळीला जागा नाही.

अशा सशर्त वचनाचा प्रयोग अन्य क्षेत्रात झालेला आहे. गरीब देशांतील मुलांसाठी न्यूमोकॉकल लस तयार व्हावी म्हणून काही सरकारांनी आणि गेट्स फाउंडेशनने २००७ मध्ये दीड अब्ज डॉलरचे आगाऊ खरेदी-वचन जाहीर केले. या कल्पनेच्या पुरस्कर्त्यांत पुढे २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे मायकेल क्रेमर हे प्रमुख होते. त्यात संशोधनासाठी बक्षीस नव्हते. लस निकषांत बसली तर ठरलेल्या दराने ती विकत घेतली जाईल, एवढीच हमी होती. २०२० मध्ये आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्या वचनाखाली पुरवठ्याचा करार केला आणि विकसनशील देशातील उत्पादकासाठी तो मार्ग प्रथमच खुला झाला. लस आणि शस्त्रे यांची तुलना पूर्णांशाने होणार नाही, परंतु ग्राहक मोजके, संशोधनाचा खर्च मोठा आणि अनिश्चितता अधिक, ही लक्षणे दोहोंत समान आहेत.

केंद्र सरकारला हा मुद्दा अगदीच उमगलेला नाही असेही नाही. संरक्षण खरेदी परिषदेने मार्च २०२२ मध्ये आयडेक्सच्या विजेत्यांसाठी सोपी कार्यपद्धती मंजूर केली आणि गरज मान्य झाल्यापासून करारापर्यंतचा काळ सुमारे बावीस आठवड्यांवर आणण्याचे ठरवले. चौदा वस्तूंच्या ३८० कोटी रुपयांच्या खरेदीलाही त्याच बैठकीत मान्यता मिळाली. मात्र ही बावीस आठवड्यांची मोजणी गरज मान्य झाल्यापासून सुरू होते. ती गरज मान्य केव्हा व्हावी, याला मुदत नाही. आणि नवोद्योगाचा खरा दमछाकीचा काळ तोच. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संरक्षण खरेदी नियमपुस्तिकेने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. नवी वस्तू विकसित करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देण्याची तरतूद तिच्यात आहे. पण ही पुस्तिका महसुली खर्चाची, म्हणजे सुटे भाग, दुरुस्ती आणि नित्याच्या सामग्रीच्या खरेदीची आहे. स्पर्धांतून येणारी नवी साधने बहुतेक भांडवली खर्चात मोडतात. जे तत्त्व सुट्या भागांसाठी मान्य झाले ते संपूर्ण उपकरणासाठी का मान्य होऊ नये, याचे उत्तर संरक्षण मंत्रालयाने द्यावयास हवे.

दरम्यान, ज्या तरुणांना अशा स्पर्धांत उतरावयाचे आहे त्यांना कोणी विचारले तर मी बक्षिसाच्या रकमेचा आकडा शेवटी वाचावयास सांगेन. प्रश्न कोणत्या दलाने मांडला आहे, त्या दलाचा कोणता अधिकारी तो पुढे नेणार आहे आणि त्याची बदली झाली तर त्याच्या जागी कोण येईल, हे आधी पाहावे. उरलेल्या निम्म्या खर्चाची तजवीज अठरा नव्हे, तीस महिन्यांची करावी. शोधाची मालकी कोणाकडे राहील हे कलम वकिलाकडून वाचून घ्यावे. हॅरिसनला घड्याळाची रचना पैसे मिळण्यापूर्वी उघड करावी लागली होती. आणि शक्य असेल तेथे त्याच तंत्राचे एक नागरी रूप हाताशी ठेवावे. सीमेवर टेहळणी करणारे विमान धरणाच्या भिंतीचीही पाहणी करू शकते. त्या ग्राहकाला विकायला सैन्यदलांच्या खरेदीची वाट पाहावी लागत नाही.

या बाबतीत महाराष्ट्र सरकारने एक चांगला पायंडा पाडला आहे, त्याचा उल्लेख केला पाहिजे. राज्याच्या नावीन्यता सोसायटीने २०१८ पासून सुरू केलेल्या 'स्टार्टअप सप्ताहा'त विजेत्या चोवीस नवोद्योगांना रोख बक्षिसाऐवजी पंधरा लाख रुपयांपर्यंतचा शासकीय कार्यादेश देण्याची पद्धत ठेवण्यात आली. म्हणजे येथे बक्षीस हाच पहिला ग्राहक. रक्कम लहान आहे, आणि ती प्रयोगापुरती आहे. त्या प्रयोगानंतर संबंधित खात्याने तीच वस्तू दुसऱ्यांदा घेतली काय, घेतली असल्यास किती आणि नाकारली असल्यास कोणत्या कारणाने, याचा तक्ता दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही. पोलीस आणि कारागृह खात्यांपासून सुरुवात करता येईल. सुरक्षेच्या साधनांची राज्यातील गरज मुख्यतः त्यांचीच आहे.